आधी स्वतःचं ताट वाढून झाका: वजन उतरवायला पहिल्यांदाच निघालेल्या बायकांसाठी

परवा आमच्या जाऊबाई कट्ट्यावर बसून म्हणाल्या, "एवढं काय खातोय गं मी? दुपारी एक भाकरी, रात्री मूठभर भात. तरी अंग सुटतंयच." (बेळगावात बायकाही 'खातोय'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये.) त्या खोटं बोलत नव्हत्या. ताटात वाढून घेतलेलं खरंच तेवढं होतं. न वाढता पोटात गेलेलं मात्र त्यांनी धरलंच नव्हतं. सकाळपासूनचे पाच चहा, चहाबरोबरचे टोस्ट, नातवाच्या ताटलीत राहिलेलं उप्पीट, शेंगदाणे भाजताना तोंडात टाकलेली मूठ, आणि रात्री "फुकट कशाला घालवायचं" म्हणून संपवलेला पातेल्याच्या तळाचा भात.

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या शहापुरात राहते, घरचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. ७१ किलोवरून ६२ वर यायला मला दीड वर्ष लागलं, आणि पुस्तकाच्या हिशेबानं ६२ सुद्धा माझ्या उंचीला जास्तच. मधे एका केंद्रात पैसे भरून दोन जेवणांऐवजी पावडर पिण्याचा उद्योगही केला. तीन महिन्यांत सहा किलो गेले आणि पुढच्या सहा महिन्यांत व्याजासकट परत आले. कारण पावडर संपली तेव्हा घरातली पळी, चहाचा डबा आणि शेवटी जेवायची सवय जिथल्या तिथंच होती. खाली लिहिलंय ते त्यानंतर शिकलेलं. एका वेळी एकच पायरी घ्या, ती अंगवळणी पडली की पुढची.

पहिली पायरी: टेप आणि काटा

पहिल्या दिवशी काही सोडायचं नाही, काही धरायचं नाही, नुसतं मोजायचं. शिलाई मशीनच्या खणात टेप असतेच. परकराची नाडी बांधतो ती जागा म्हणजे कंबर नव्हे, बहुतेक जणींची नाडी पोटाखाली सरकलेली असते. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटानं चाचपा, मग खुब्याच्या हाडाचं वरचं टोक चाचपा. दोन्हींच्या मध्यावर टेप आडवी धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका आणि आकडा वाचा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही मर्यादा धरतात.

कंबर आधी मोजायची, कारण मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटातली, यकृता-आतड्यांभोवतीची चरबी जास्त त्रासाची. साखर, बीपी, हृदयाचा आजार यांचं नातं तिच्याशी जास्त आहे. आपल्या लोकांत वजन फार नसतानाही पोटात चरबी साठते, म्हणून आपल्यासाठी आकडे खाली आणलेत. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो असेल तर ६४ भागिले १.५२, पुन्हा भागिले १.५२, उत्तर २७.७. या उंचीच्या बाईला २५ च्या आत यायला ५८ च्या खाली यावं लागेल. पण पहिल्या झेपेत तेवढं मनात धरू नका. आहे त्या वजनाचा पाच ते दहा टक्के भाग उतरला तरी साखर आणि बीपीत फरक दिसतो. ६४ किलोच्या बाईला म्हणजे तीन ते सहा किलो.

घरी काटा नसेल तर उपकेंद्रात, अंगणवाडीत असतो. पिठाच्या गिरणीतला काटाही चालतो, फक्त दर वेळी तोच असू दे. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी वजन करा. पाळीच्या आधी अंगात पाणी धरून किलोभर वाढ दिसते, तिनं घाबरून जेवण सोडू नका.

हा त्रास तुमचा एकटीचा आहे असंही समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत शंभरात २४ जणींचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला, कर्नाटकात शंभरात ३० च्या आसपास. त्याच पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी, असं एकाच बाईच्या बाबतीतही होऊ शकतं. म्हणून "कमी खा" एवढाच सल्ला देऊन मोकळं होता येत नाही. काय कमी आणि काय जास्त, हे बघावंच लागतं.

दुसरी पायरी: सात दिवसांची वही

पोराच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या. तीन रकाने आखा: किती वाजता, काय, आणि का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भूक लागली म्हणून, चहाची तल्लफ म्हणून, शेजारणीनं आग्रह केला म्हणून, टीव्ही बघताना हात मोकळा होता म्हणून, उरलं होतं म्हणून. उरलं म्हणून खाल्लं तिथं मी नुसता 'उ' लिहायचे. पहिल्या सात दिवसांत माझे एकोणीस 'उ' झाले. मला वाटलं होतं, पाच-सहा निघतील.

वही लिहिताना खाणं बदलू नका. घरात कुणाला दाखवायचीही नाही. आठव्या दिवशी लाल पेन घेऊन बसा आणि भूक लागली नसताना खाल्लेल्या ओळींना खूण करा. काय कमी करायचं ते तिथंच दिसेल.

तिसरी पायरी: झाकलेलं ताट

आपल्याकडे वाढणारी बाई शेवटी जेवते. त्यावर मानाचं, समतेचं पुष्कळ बोलता येईल, पण इथं मी फक्त पातेल्यांकडे बघते. सगळे जेवून उठल्यावर काय उरतं? उसळ संपलेली असते, तळाला रस्सा राहिलेला. अंडी मोजून केलेली, तीही संपलेली. कोशिंबिरीच्या वाटीत नुसतं पाणी. भात मात्र उरतोच, कारण भात आपण नेहमी अंदाजानं मूठभर जास्त लावतो, आणि अन्नभाग्य योजनेचा, रेशनवरचा फुकट तांदूळ घरात आल्यापासून त्याचा हिशेबही कुणी ठेवत नाही. मग बाई भातावर आमटीचं पाणी घालून जेवते. पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात टोस्टच्या बरणीकडे जातो. लठ्ठपणाचा हा एक धागा आमच्या घरात मी डोळ्यांनी बघितलाय.

उपाय अगदी साधा आहे. स्वयंपाक झाला की पहिल्यांदा स्वतःचं ताट वाढायचं, दुसरं ताट पालथं घालून झाकायचं आणि बाजूला ठेवायचं. आधी जेवायला हवं असं नाही. जेवा नेहमीच्या वेळेला, पण जेवा ते झाकलेलं ताट, आणि तेवढंच. पातेल्यात उरेल ते फ्रिजमध्ये, नाहीतर गाईला. पोट म्हणजे खरकट्याची बादली नव्हे. सुरुवातीला सासूबाईंना हे रुचलं नाही. अजूनही येता-जाता झाकण उचलून मी किती घेतलंय ते बघतात. बघू देत.

त्या ताटात काय असावं? बेळगावात जेवणारे आपण याबाबतीत नशिबवान. आपल्या भागातली जुनी खानावळ आठवा. ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा मसुराची उसळ, भाजी, दही, चटणी आणि शेजारी कच्ची मेथी, मुळा, काकडी, कांद्याची पात. कुणा आहारतज्ज्ञानं कागदावर लिहून द्यावं असं ताट आहे ते. फक्त भरल्या वांग्यावर तरंगणारं तेल निथळून घ्यायचं. घरच्या ताटाचा अर्धा भाग शिजवलेल्या आणि कच्च्या भाज्यांनी भरू दे, पाव भागात उसळ, डाळ, अंडं, मासा किंवा चिकन, आणि उरलेल्या पाव भागात भाकरी नाहीतर भात. भातकापणीनंतर आपल्या शिवारात येणारा गावठी मसूर कोल्हापूर-पुण्याचे लोक मुद्दाम मागून नेतात, आणि आपण पाहुणे आले तरच आख्खा मसूर करतो, याचं मला नवल वाटतं.

५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट उसळीत सातेक ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, थोडी भाकरी-चपातीतूनही मिळतात. आमटीच्या पाण्यात जवळपास काही नाही. म्हणून दोन्ही जेवणांत घट्ट डाळ किंवा उसळ असू दे, आणि आधी कच्चं, मग उसळ-भाजी-भाकरी, शेवटी वाटीभर ताकभात असा क्रम ठेवा. भात शेवटी आला की तो आपोआप कमी होतो, आणि जेवणानंतर साखर एकदम वर जात नाही.

भाकरी की भात, याचं उत्तर

शंभर ग्रॅम ज्वारीत आणि शंभर ग्रॅम तांदळात कॅलरी जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या आसपास. भाकरीनं वजन उतरतं म्हणून तीन भाकऱ्या खाणाऱ्या बायका मी बघितल्यात. फरक आहे तो चोथ्यात. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम, खानापूरकडच्या नाचणीत अकरा, आणि पांढऱ्या सडलेल्या तांदळात तीनही नाही. चोथा पोटात जागा धरतो, चावायला वेळ लावतो, पुढची भूक लांबवतो.

पण भाकरी केवढी? एकदा मी सासूबाईंच्या हातचा उंडा काट्यावर ठेवला आणि पाण्याचं वजन वजा केलं. कोरडं पीठ ९० ग्रॅम निघालं, म्हणजे एक भाकरी तीनशे कॅलरींची. माझी पातळ भाकरी ६० ग्रॅमची, दोनशेची. "मी एकच भाकरी खाते" या वाक्याला काट्याशिवाय अर्थ नाही. सासूबाईंच्या सासूबाई असल्या तीन भाकऱ्या खायच्या, हेही खरं. पण त्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या, रोपलावणीला दिवसभर चिखलात वाकायच्या. आम्ही मागाशेजारी कांड्या भरत बसतो, निपाणीकडच्या बायका विड्या वळत बसतात, पोरी दुकानात नाहीतर संगणकापुढे.

चौथी पायरी: तेलाची बाटली

इथं जरा थांबते, कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा फरक इथंच पडला. पाच माणसांना महिन्याला सात लिटर तेल लागत होतं. एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. भागाकार केला तर माणशी रोज ४२ ग्रॅम आलं, आणि त्यात बाहेरची भजी धरलेली नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या दिवसभराच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. बसून काम करणाऱ्या बाईची गरज मुळात सतराशेच्या आत, म्हणजे तिच्या वाट्याला २० ते २५ पुरे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. आपण ओततो पळीनं, डोळे मिटून.

एक लिटरची बाटली घ्या. रविवारी भरायची, ती शनिवारपर्यंत पुरवायची, आमच्या पाच जणांना आठवड्याला एवढंच. मधे उसनं घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात आमची बाटली गुरुवारीच रिकामी झाली. शुक्रवार-शनिवारी बिनतेलाचा झुणका खाताना नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून हात बसला.

हात बसायला या युक्त्या कामी आल्या. फोडणी पळीऐवजी चहाच्या चमच्यानं मोजून. भाजी झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून वाफेवर. शेंगाच्या चटणीवर तेलाऐवजी दही. मटणाचा रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी चरबी थिजून वर येते, ती चमच्यानं काढायची आणि मग गरम करायचा. चवीला काही होत नाही, कट थोडा फिका दिसतो इतकंच. शिळ्या भाताला सकाळी फोडणी घातली की दोन चमचे तेल जातं, त्यापेक्षा दह्यात कालवून कांदा-मिरचीबरोबर खा. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. आणि तूप हेही तेलाच्याच हिशेबात.

पाचवी पायरी: चहा आणि चहाचे सोबती

पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम, दोनशे कॅलरी. दिवसाची वरून घातलेली साखर २५-३० ग्रॅमच्या आत असावी असं सांगतात, म्हणजे चहातच दुप्पट झाली. आणि बेकरीतली खारी, बटर, टोस्ट, नानकटाई अजून मोजलीच नाही. खारी हलकी लागते ती वनस्पती तुपाच्या पुडांमुळे.

साखर एकदम सोडू नका, आठ दिवसांत पुन्हा सुरू होते. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. दीड महिन्यात अर्ध्या चमच्यावर येता आणि मग पाहुण्यांच्या घरचा चहा पाक लागतो. गूळ घातला म्हणून चहा औषधी होत नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच. उसाच्या पट्ट्यात राहून असं लिहिणं म्हणजे शिव्या खायचं काम, पण आहे ते आहे. चारच्या भुकेला फुटाणे, एखादा पेरू, किंवा कांदा-काकडी घालून वाटीभर चुरमुरे. गिरमिट (मसाला लावलेले चुरमुरे) वाईट नाही, त्याच्या शेजारची मिरची भजी वाईट. आणि चहा जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहा जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही.

सहावी पायरी: उपास

संकष्टी, गुरुवार, मंगळवार, नवरात्राचे नऊ दिवस. देवाबद्दल मला काही म्हणायचं नाही, खिचडीबद्दल आहे. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, दीड मोठा चमचा तूप, अशी एक बशी सहाशे कॅलरींच्या घरात जाते. माझं रोजचं भाकरी-उसळ-भाजी-ताक पाचशेच्या आसपास. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. वर रात्री उपास सोडताना पुरण नाहीतर शिरा.

उपास करा, पण उकडलेली रताळी, ताक, दूध, फळ, वाटीभर वरी आणि पातळ दाण्याची आमटी यावर करा. रताळी तर आपल्याच जिल्ह्यातून दिल्लीपर्यंत जातात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नकोच, साखर एकाएकी उतरून चक्कर येते.

सण, यात्रा, कुंदा

गावच्या यात्रेला ताटावर हिशेब मांडत बसू नका, वर्षातला एक दिवस आहे. लठ्ठपणा यात्रेच्या मटणानं येत नाही, यात्रेनंतर आठ दिवस डब्यात राहणाऱ्या करंज्यांनी येतो. कुंदा, ही आमची दुधाची मिठाई, सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मला बेळगावात राहायचंय. पण अर्ध्या किलोचा डबा घरी आणू नका, पावशेर आणा आणि त्याच दिवशी घरात वाटून संपवा. गोकाकचा करदंट सुक्या मेव्याचा, डिंकाचा, म्हणून पौष्टिक. पौष्टिक म्हणजे कमी कॅलरीचा नव्हे.

चालणं

थोडक्यात सांगते. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. टिळकवाडीकडच्या बायकांना व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, बाकीच्यांना शेताची वाट. जून २०२३ मध्ये बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आली आणि दोन स्टॉपसाठीही आपण बसची वाट बघायला लागलो. बस घ्या, पण एक स्टॉप आधी उतरा. नुसत्या चालण्यानं फारसं वजन उतरत नाही. उतरलेलं टिकायला मात्र ते लागतं.

कुणी हे करू नये, आणि डॉक्टरकडे कधी जावं

पोटुशी बाईनं वजन उतरवायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशेच्या आसपास कॅलरी जादा लागतात, तेव्हा डिंकाचे लाडू, अळिवाची खीर ठीक आहे. गोची पुढं होते. मूल दोन वर्षांचं झालं तरी लाडवांचा डबा चालूच राहतो. पाळी जायच्या वयात चरबी पोटाकडे सरकते, तिथं घट्ट उसळ आणि चालणं दोन्ही वाढवा.

पाळी लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील, मान काळी पडली असेल, खूप थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं असेल, तर आधी तपासणी करून घ्या. पीसीओडी (बीजकोशांचा विकार) किंवा थायरॉइड असू शकतो. थायरॉइडनं वजन वाढतं ते साधारण थोडं, वीस किलोचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. तिशी ओलांडलेल्या बायकांची बीपी, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पाटी कानडीत आहे म्हणून बाहेरून परत फिरू नका, आशाताईंना बरोबर न्या आणि ती सात दिवसांची वहीही न्या. "काय खाता?" या प्रश्नाला "काही नाही हो" यापेक्षा बरं उत्तर तिच्यात आहे.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर वेग चांगला, पाव किलो उतरलं तरी चालेल. सुरुवात मात्र येत्या रविवारी करा. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा बघतोय, वजनाला तसल्या तारखा देऊ नका.

जाऊबाईंच्या वहीत तेवीस 'उ' निघाले. ताट झाकायला लागून त्यांना पाच आठवडे झालेत. गेल्या रविवारी टेप ३६ इंचांवरून ३५ वर आली, पण त्यांचा विश्वास नाही. "सैल धरलीस गं तू," म्हणाल्या. येत्या रविवारी टेप त्यांच्या सुनेच्या हातात द्यायचं ठरलंय.